कवळीची शिट्टी

केंटकीतल्या आमच्या डोंगराळ भागात नशेच्या गोळ्यांपायी पकडलं गेलं की दोन वाटा असतात: तुरुंग, नाहीतर जज पिकन्सबाईंचं उपचार कोर्ट. मी दुसरी धरली. दर आठवड्याला हजेरी, नशेच्या तपासणीसाठी कपात लघवी, गटात बसून स्वतःबद्दल बोलणं. खोटं सापडलं की थेट कोठडी. ते सगळं पार पाडून शेवटी माझ्या सुटकेचा दिवस उजाडला. आई पहिल्या बाकावर, रविवारी चर्चला घालायची टोपी घालून. आणि माझ्या तोंडात आदल्या दिवशी बसवलेली नवीकोरी कवळी. माझे स्वतःचे दात नशेनं कधीच खाल्ले होते.

"काय व्हर्ना, कसं चाललंय?" जजबाईंनी विचारलं.

"सगळं सुरळीत," मी म्हणाले, आणि 'स' म्हणताच कवळीतून अशी शिट्टी निघाली की दाराशी उभा असलेला शिपाई दचकून वळला.

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. "सॉरी," मी म्हणाले. पुन्हा शिट्टी! मग मला जे हसू सुटलं ते सुटलंच. पोट धरलं, गाल चावले, टेबलाला टेकले. थांबेचना.

जजबाईंचा चेहरा बदलला. "व्हर्ना, काय घेतलंयस?"

मी नाही म्हणून मान हलवली, पण हसतच. आई पांढरीफटक पडली होती.

"इमोजिन, हिची आधी तपासणी," जजबाई म्हणाल्या.

इमोजिन म्हणजे माझ्यावर देखरेख ठेवणारी बाई. बाथरूममध्ये ती कप घेऊन समोर उभी.

"हसू नकोस गं, सांडेल!"

"मुद्दाम हसतेय का मी!"

"मग काहीतरी दुःखाचं आठव."

"सासू आठवली," मी म्हणाले. शिट्टीवर शिट्टी. आता इमोजिनही भिंतीला टेकून खिदळायला लागली. कसाबसा कप भरला.

परत आल्यावर तिनं डोळे पुसत सांगितलं, "बाई, एकदम स्वच्छ आहे."

"मग एवढं हसण्यासारखं काय?" जजबाईंनी मला विचारलं.

"सुचेना मला, जजसाहेब. नुसतं बरं वाटतंय."

शिट्टी तीनदा वाजली. जजबाईंनी ओठ गच्च मिटले, चष्मा काढला, आणि चक्क फायलींवर डोकं टेकून हसल्या. मग अख्खं कोर्ट उठून टाळ्या वाजवायला लागलं. शिपाईसुद्धा.

बाहेर पायऱ्यांवर आईनं माझा दंड घट्ट धरला. "मला वाटलं, गेलीस परत."

"कळलं मला, तुझ्या तोंडाकडे बघून."

"मेले, जीव घेतलास माझा," ती म्हणाली, आणि पर्समधून गाडीची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. इतकी वर्षं आई ती किल्ली माझ्यापासून लपवून उशीखाली ठेवायची. लायसन्स मला नुकतंच परत मिळालं होतं.

"मी चालवू?"

"मग काय मी? चल, काढ गाडी."

सगळ्या काचा खाली केल्या आणि घाटभर हॉर्न वाजवत गेलो. आईची टोपी पहिल्याच वळणावर उडाली. "राहू दे तिला!" आई ओरडली.