कागदाचा तळवा

मला एका जागी बसवत नाही. शिलाई मशीनवर बसले की कोपर खाजतं, उठले की पाठ. रिकामी असले तरी माझा पाय आपला हलतच असतो. गिऱ्हाइकं कौतुकाने म्हणतात, बाई भारी कामसू. कामसू कसली, अंगाची आग होते माझ्या!

सोरायसिस हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडी असतो, पण खपली पडताना दिसली की भलेभले खुर्ची मागे सरकवतात. याची लागण होत नाही हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आलाय. काळं कापड तर मी शिवायलाच घेत नाही. कोपरावरचे पांढरे पापुद्रे त्यावर पडतात आणि मग ब्रश घेऊन बसा झाडत. गिऱ्हाइकाला सरळ सांगते, काळा रंग तुम्हाला खुलत नाही हो. खोटं बोलायला मी चांगलीच सरावले आहे.

मलमांनी माझे कपडे तेलकट केले, उशा तेलकट केल्या, गुण मात्र आला नाही. शेवटी गेल्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनचा विषय काढला.

"पण त्यासाठी आजार तेवढा पसरलेला हवा," त्या म्हणाल्या. "तुमचा स्वतःचा तळवा, बोटं जुळवून, म्हणजे अंगाचा साधारण शंभरावा भाग. असे किती तळवे चट्टे आहेत ते घरी मोजा. दहा भरले तर इंजेक्शन, नाहीतर अजून काही महिने मलमच. आपला आजार आपल्याला मोजता आला पाहिजे, म्हणून हे मी पेशंटलाच करायला लावते. मग मी ताडून बघते."

मोजायचं म्हटल्यावर मी खूश झाले. जन्म त्यातच गेला आहे माझा. पण पोटावर, मांड्यांवर हात पोचतो, पाठीवर कसा पोचणार? मग मी तळवा कागदावर ठेवला, खडूने रेघ मारली आणि कात्रीने झटक्यात कापून काढला. सगळीकडे एकच माप हवं, म्हणून पुढची बाजूही त्या कागदानेच मोजली. पाठीसाठी आमच्या ह्यांना हाक मारावी लागली.

ही हाक मारायला मला दोन दिवस लागले. आमचे हे रंगारी, घरं रंगवतात. माणूस मऊ आहे, पण माझी पाठ त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलेली नव्हती. मीच दाखवली नव्हती. गळाबंद, लांब बाह्यांचे कपडे घालून मी भिंतीकडे पाठ करून झोपते. त्यांनी चुकून हात लावला तरी मी म्हणते, "उकडतंय, सरका."

त्या दिवशी मी खिडकीपाशी पाठ उघडी करून उभी राहिले. ते कागद ठेवत होते, उचलत होते. बोट कुठे लागू देत नव्हते. आणि गप्प. एरवी रंगाच्या डब्याशीसुद्धा बोलणारा हा माणूस, आणि तोंडातून शब्द नाही! मला वाटलं, शिसारी आली असणार.

"पुढचे धरून सात," शेवटी ते म्हणाले. "पण मला जास्त वाटतंय गं."

"पाठ आहे ती, भिंत नाही अंदाज बांधायला!" मी खेकसले आणि कपडे ओढून घेतले.

सात! म्हणजे पुन्हा मलम. दिवसभर मी एक बाही धड लावू शकले नाही. उसवली, लावली, पुन्हा उसवली. अंगाची चाळण झाली आहे आणि वर म्हणे पुरेशी नाही. मला मोठ्याने रडावंसं वाटत होतं. दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणून राहिलं.

दवाखान्यात हे सोबत आले. नको म्हटलं तरी आले. डॉक्टरीणबाईंनी आधी नेहमीचे प्रश्न विचारले. आठवड्यात खाज किती? कामात अडचण किती? कपडे निवडताना विचार करावा लागतो का? मी पाय हलवत भराभर उत्तरं दिली.

"आणि जोडीदाराशी जवळीक? त्यावर काही परिणाम?"

"छे, मुळीच नाही," मी म्हणाले. हे आपल्या नखांतला रंग कोरत बसले होते.

मग मी सातचा आकडा सांगितला. पडद्याआड बाईंनी माझी पाठ पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"सात? मोजलं कशाने?"

मी पर्समधून कागद काढला. त्यांनी तो टेबलावर ठेवला. "हात ठेवा बरं यावर."

मी ठेवला. माझ्या हाताभोवती सगळीकडून कागद उरला. चांगला अर्धा इंच.

मी बघतच राहिले. मग कपाळावर हात मारून घेतला. शिलाईचं मार्जिन! खडूच्या रेघेवर मी आयुष्यात कधी कात्री चालवलेली नाही. रेघेच्या बाहेर अर्धा इंच सोडूनच हात आपोआप वळतो. कागदाचा हात कोण शिवणार होतं? पण सोडलं मार्जिन.

डॉक्टरीणबाई हसून लोटपोट. मला हसू येईना, रडू येईना. मी त्यांच्याच टेबलावरची कात्री घेतली आणि रेघेबरहुकूम कागद कापला. ह्यांना पडद्याआड बोलावलं. दिवा लख्ख होता.

"मोजा," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं, आधी पुढची बाजू, मग पाठ. बाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. कमरेशी पोचायच्या आतच दहा भरले. "पुरे," बाई म्हणाल्या. "इंजेक्शन सुरू करू."

मी कपड्यांकडे हात नेला. पण हे हलेनात.

"डॉक्टर," ते म्हणाले, "मघाचे प्रश्नही पुन्हा विचारा. निदान शेवटचा."

मी पडद्याकडे बघत उभी होते. पाठीला गार हवा लागत होती आणि खाज सुटली होती.

"खूप," मी म्हणाले. "खूप परिणाम झालाय. माझ्यामुळे. त्या दिवशी हे इतके गप्प होते, मला वाटलं किळस आली."

"तुला दुखेल म्हणून श्वास रोखून होतो," ते म्हणाले. मग बाईंना विचारलं, "हात लावला तर चालेल?"

"लावा की. काही होत नाही त्याने."

त्यांनी कागद माझ्या हातात दिला आणि रंगाने खरबरीत झालेला आपला पंजा माझ्या पाठीच्या मधोमध टेकवला. मी म्हणाले नाही, सरका.

"हा मोजू नका," ते बाईंना म्हणाले.