नव्याण्णव नंबरचा रॅक

आमच्या गोदामात रॅक सत्तेचाळीस. त्यापुढे भिंत. तरी जुन्या सिस्टिममध्ये नव्याण्णव नंबरचा एक रॅक होता, आणि तो मीच घातलेला. माल सापडेना झाला की तो नोंदीत नव्याण्णववर टाकायचा, आणि मी सांभाळायचो तो सर्व्हर हा रॅक कामाच्या यादीतून गुपचूप गाळायचा. ही मेख सतरा वर्षं माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती.

मग वरून हुकूम आला, सगळं क्लाउडवर न्या. त्यासाठी आलेली इंजिनिअर माझ्या मुलीच्या वयाची. "काका, काही खाचाखोचा असतील तर सांगा हं," असं तीनदा म्हणाली. तीनदा मी म्हटलं, "छे, काही नाही." खरं सांगू? मला तिची जिरवायची होती. माझा सर्व्हर भंगारात आणि ही ढगात! पडू दे तोंडावर, म्हटलं.

पडली माझी वहिनी.

थोरल्या भावाची बायको. भावाची नोकरी सुटल्यावर, ऑर्डरप्रमाणे रॅकवरून माल काढायच्या कामावर तिला मीच शब्द टाकून चिकटवलं होतं. घर तिच्यावरच चालायचं. नव्या सिस्टिमला तो रॅक गाळायचं ठाऊकच नव्हतं; आता तिच्या हातातलं यंत्र सांगायला लागलं, नव्याण्णववर जा. बाकीच्या बायका 'सापडला नाही' दाबून पुढे सटकायच्या. वहिनी कसली सोडतेय! एकेका वस्तूसाठी सगळे सत्तेचाळीस रॅक पालथे घालायची. नवी सिस्टिम सेकंद न सेकंद मोजत होती. चौथ्या दिवशी सुपरवायझरने आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. वहिनीला म्हणाला, "इतकं संथ काम चालणार नाही. उद्यापासून येऊ नका."

वहिनी माझ्याकडे वळली. "भाऊजी, माझे डोळेच गेलेत बहुतेक. नसलेला नंबर दिसतो मला. तुमचा शब्द खाली पाडला मी."

आणि मी? मी तिच्यासाठी केबिनचं दार उघडून धरलं! माझी मलाच किळस आली.

बाहेर आल्यावर कसाबसा इंजिनिअरकडे गेलो आणि सगळं ओकलो. ती रागावलीसुद्धा नाही. दहा मिनिटांत तिने तो रॅक काढून टाकला, सुपरवायझरला फोन केला आणि वहिनीची माफी मागायला स्वतः उठून गेली. माफी तिने मागितली, मी नाही. वहिनीचं काम मात्र टिकलं.

संध्याकाळी भावाने मला जेवायला बोलावलं. वहिनी त्याला सांगत होती, "भाऊजींनी चूक शोधली म्हणून वाचले." भावाने माझी पाठ थोपटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो हात धुवायला आत गेला तसा मी म्हणालो, "वहिनी, तो रॅक मीच..."

"माहितीये," ती हळूच म्हणाली. "त्या मुलीने स्क्रीनवर दाखवलं मला. रॅकखाली तुमचंच नाव होतं." तिने आतल्या दाराकडे पाहिलं. "ह्यांना सांगू नका. ह्यांना तुमचा फार अभिमान आहे."