सातशे साठ किलो

लिफ्ट दुरुस्त करण्यात चाळीस वर्षं घालवलेल्या माणसाला जॅक घेताना कुणी अक्कल शिकवू नये. पण अवजारांचा दुकानदार शिकवत होता.

"कॅरव्हानचं वजन कागदावरचं धरू नका," तो म्हणाला. "भांडी, गाद्या, पाण्याची टाकी, सगळं भरून मोजा. दोन टनांचा जॅक घ्या. आणि जॅक नुसता उचलतो, धरून ठेवत नाही. धरायला ही लोखंडी घोडी. ती लावल्याशिवाय गाडीखाली डोकं घालायचं नाही."

"माझ्या हाताखाली बावीस-बावीस मजले वर-खाली झालेत," मिस्त्री म्हणाला. त्याने एक टनाचा, वजनाचा काटा असलेला जॅक उचलला. घोडी दुकानातच राहिली.

कॅरव्हान, म्हणजे मोटारीमागे जोडून ओढायची चाकांवरची खोली, जुनी होती. विकणारी बाई डोळे पुसत म्हणाली होती, "ह्यांचा फार जीव होता हो हिच्यात." मिस्त्रीने तो जीवही जुनाच धरून भाव पाडला होता.

सगळं सामान भरून त्याने दारातच एक बाजू उचलून पाहिली. काटा सातशेवर थांबला. तेवढ्यात बायको न विचारता चहा टाकायला आत चढली आणि काटा सातशे साठवर गेला. मिस्त्रीने तो मोठ्याने वाचून दाखवला. पुढे दोन दिवस घरात शांतता होती.

प्रवासाच्या तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, कॅरव्हानचं एक चाक पंक्चर झालं. रस्ता सरळसोट, दोन्हीकडे नजर पोचेल तिथवर काही नाही. मिस्त्रीने हातब्रेक ओढला, दुसऱ्या चाकाला लाकडी पाचरी मारल्या, जॅकखाली फळी घातली, नट सैल केले. एक गोष्ट मात्र राहिली. काहीही उचलण्याआधी पत्र्यावर तीन थापा मारून "आत कोणी आहे का?" असं विचारायचं, आणि उत्तर आलं तर तो माणूस बाहेर येईपर्यंत कामाला हात लावायचा नाही, हा त्याचा नोकरीतला नेम. पण इथे विचारायचं कुणाला? त्याने दांडा मारायला सुरुवात केली.

काटा सातशे साठवर थांबला.

"अगं, उतर खाली," तो मान न वळवता म्हणाला.

"उतरूनच उभी आहे," बायको त्याच्या खांद्याशी म्हणाली.

मिस्त्रीने काट्यावर टिचकी मारली. काटा ढिम्म.

"बिघडलाय," त्याने जाहीर केलं आणि चाक काढलं. काढताना एक नट निसटला, घरंगळत गाडीखाली गेला आणि बरोबर मधोमध जाऊन थांबला. मिस्त्री पालथा पडला.

"अहो, त्या दुकानदाराने काय सांगितलं होतं?"

"अर्ध्या मिनिटाचं काम आहे."

"तुमचं अर्ध्या मिनिटात उरकेल. मागे मी उरेन. आणि मला कॅरव्हान विकायला जमणार नाही, डोळे पुसता येत नाहीत मला."

मिस्त्री हसला. डोकं आत सरकवणार, एवढ्यात चाळीस वर्षांच्या सवयीचा हात आपणहून वर गेला. पत्र्यावर तीन थापा. "आत कोणी आहे का?"

आतून तीन थापा आल्या. सावकाश, कसलीच घाई नसल्यासारख्या.

बायकोने मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. पण नेम तो नेम. तो उठला, कपडे झटकले आणि दाराकडे गेला. कडीला हात लावला आणि मागे जॅक सुस्कारा टाकून बसला. कॅरव्हान हातभर खाली आली. मघाशी डोकं जिथे जाणार होतं, तिथे आता झुरळालाही अंग चोरावं लागलं असतं.

मग मिस्त्रीने दार उघडलं. आत कोणी नव्हतं. चाकावरच्या बाकाची गादी तेवढी मधे दबलेली होती.

"या," तो दार धरून म्हणाला. "जपून. पायरी उंच आहे."

त्याच्या डोळ्यांदेखत गादी हळूहळू फुगून सपाट झाली.

नट त्याने झाडूच्या दांड्याने ओढून काढला. जॅक पुन्हा लावला. या खेपेला काटा सातशेवर आला आणि जॅक निमूट उभा राहिला. जादा चाक बसलं, नट आवळले, दोघं पुढच्या मोटारीत बसली. मोटार सुरू होताच मागच्या सीटच्या पट्ट्याचा दिवा लागला आणि पीं-पीं सुरू झालं.

मागे कोणी नव्हतं. दोघांनी मैलभर ते ऐकून घेतलं.

"पट्टा लावून घ्या," बायको समोर बघतच म्हणाली.

मागे खट् झालं. दिवा विझला.

"पुढच्या गावी घोडी घेऊ," मिस्त्री जरा वेळाने म्हणाला.

"दोन टनांचा जॅकही," बायको म्हणाली.

मागून हरकत आली नाही.