दारातली लाल पेटी

टपाल खात्यात हयात घालवून मी या टपाल-संग्रहालयाची प्रमुख झाले, ती काही काचेआडच्या तिकिटांवरची धूळ झटकायला नाही. इथली प्रत्येक वस्तू कालपर्यंत वापरात होती असं वाटलं पाहिजे, हा माझा हट्ट. म्हणून दारातली जुनी, सेवेतून काढलेली लाल पेटी मी नव्याने रंगवून घेतली, तोंडावरची झडप बसवली आणि टपाल काढण्याच्या वेळेची पट्टीसुद्धा लावली. रंगारी म्हणाला, "बाई, 'फक्त पाहण्यासाठी' अशी पाटी लावू या." मी त्याला उडवून लावलं. तसल्या पाटीनं पेटीचा चेहराच बिघडतो.

पेटी इतकी झकास जमली, की समोरच्या घड्याळजींनी सकाळी तिच्यात खरोखरचं पाकीट टाकलं.

दुपारी ते घामाघूम होऊन माझ्या खोलीत आले. "ताई, ती पेटी तुमची ना? माझं पाकीट काढून द्या."

मला वाटलं, वेळेवर पोचणार नाही म्हणून घाबरलेत. मी म्हटलं, "काळजी करू नका. आपल्याकडे टपालाची खरी खिडकीही आहे. तिथलं टपाल संग्रहालयाचा खास चित्राचा शिक्का मारून रोज थैलीतून रवाना होतं. तुमचंही आजच जाईल."

"जायलाच नको आहे!" ते जवळजवळ ओरडले. मग खुर्चीत बसले आणि सगळं सांगून मोकळे झाले. दुकानाची वाटणी झाल्यापासून धाकट्या भावाशी बोलणं बंद. आता मुलीचं लग्न ठरलं, म्हणून त्याला 'ये' असं लिहिलं. पाकीट टाकून दुकानात परतले आणि डोकं फिरलं. मोठा मी, मग कमीपणाही मीच का घ्यायचा?

"मुलगी काय म्हणते?"

"तिला काका हवाच आहे. लहानपणी त्याच्या खांद्यावरून खाली उतरायची नाही."

मी किल्ली घेऊन दाराशी गेले, ते मागोमाग. पेटी उघडली. तळाशी ते एकच पाकीट होतं, पत्ता अगदी सुबक अक्षरात. त्यांनी हात पुढे केला.

"पेटीत पडलं की ते ज्याच्या नावाचं त्याचं. आम्ही असंच शिकलो," मी म्हटलं.

"पण ही पेटीच खोटी आहे, ताई!"

"पेटी खोटी असेल. मी नाही."

आता कुणी म्हणेल, ही बाई नको तिथं नाक खुपसते. खुपसते! लोकांची भांडणं आणि सोयरिकी आयुष्यभर या हातांतून गेल्या आहेत, आणि न पोचलेल्या पाकिटानं कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. मी सरळ खिडकीपाशी गेले, शिक्का शाईवर दाबला आणि तिकिटावर असा हाणला, की तिकिटं बघणारे लोक दचकून वळले.

घड्याळजी पाकीट हिसकावून घेतात की काय, म्हणून मी त्याची कड घट्ट धरली. त्यांनी खिशातून डोळ्याला लावायचं भिंग काढलं आणि पाकिटावर वाकून बराच वेळ बघत राहिले.

"कडेला शाई कमी पडलीय," ते म्हणाले. "शेजारी अजून एकदा मारा, ताई. धाकटा फार बारीक बघतो. शिक्का पुसट दिसला तर म्हणेल, दादानं मनापासून बोलावलं नाही."