लांबकान्यांचं वाक्य

मी अक्षरं शिकले ती साठी उलटल्यावर. दर बुधवारी दुपारी चॅपलच्या मागच्या खोलीत हॅलिडेबाई आम्हा चार बायकांना शिकवायच्या. आधी मुळाक्षरं झाली, मग साधे शब्द, आणि त्या वर्षी बाईंनी अवघड शब्द काढले. त्या फळ्यावर एक शब्द लिहायच्या, अर्थ सांगायच्या, मग प्रत्येकीनं त्याचं वाक्य करायचं. वाक्य आपल्या घरातलं आणि खरं हवं.

"शब्द वापरला की आपला होतो," बाई म्हणायच्या. "जितका वापराल तितका पक्का."

त्या बुधवारी फळ्यावर शब्द होता 'अंडरमाइन'. खालून पोखरणं, उभं असलेलं हळूहळू कमकुवत करणं.

सकाळीच मी दगडखाणीच्या वरच्या माळावर ब्लॅकबेरी वेचायला गेले होते. कड्याच्या अगदी काठाशी ताजी माती उकरलेली होती. एक बीळ, त्याच्यापुढे दुसरं, आणि झुडपांखालून पुढे कितीतरी. त्याच कड्याखाली माझा मुलगा जेबेझ दगड कापायचा.

असली बिळं कोण करतं हे आमच्या पोर्टलंड बेटावर सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याचं नाव आम्ही घेत नाही. लांबकान्या म्हणतो. खाणीत कुणी ते नाव उच्चारलं, तर माणसं हत्यारं खाली ठेवतात आणि घरी जातात. माझे वडील दगडाखाली गेले त्या सकाळी कड्यावर एक लांबकान्या बसलेला लोकांनी पाहिला होता. पण नाव घ्यायला नको म्हणून कुणी बोललं नव्हतं.

"ऑलिव्ह, तुमचं वाक्य?" बाईंनी विचारलं.

मी उभी राहिले. "लांबकाने माझ्या मुलाला अंडरमाइन करतात."

बाई हसल्या. "व्याकरण अगदी बरोबर! पण लांबकाने म्हणजे कोण? गाढवं?"

बाकी कुणी हसलं नाही. माझी शेजारीण केझाया हिनं माझी बाही ओढली. "बस की गं खाली. किंबरलिनसमोर कशाला?" किंबरलिन म्हणजे बेटाबाहेरचं माणूस. हॅलिडेबाई कित्येक वर्षं आमच्यात राहत होत्या, तरी किंबरलिनच.

संध्याकाळी मी जेबेझपाशी विषय काढला. तो रश्श्यात पाव बुडवत होता.

"बिळं मीही पाहिलीत," तो म्हणाला. "मॅनेजरला दाखवली. तो म्हणतो, तारेचं कुंपण घालू."

"कुंपणानं दगड जागेवर राहतो का रे?"

"आई, मला मुकादम करणार आहेत. आत्ताच लांबकान्यांची रडगाणी सुरू केली तर हसतील सगळे."

"हसू देत. जिवंत असलास तर ऐकू तरी येईल."

"तू आता शिकलेली बाई झालीस," तो ताटली सारून उठला. "तू तरी असलं बोलू नकोस."

सकाळी मी खाणीच्या फाटकाशी गेले. खाली छिन्न्या चालल्या होत्या. मी एप्रनमध्ये दोन्ही मुठी आवळल्या आणि ओरडले, "ससे! कड्यावर ससे आहेत!"

छिन्न्या थांबल्या. एकेक माणूस हत्यारं ठेवून वर आला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. म्हातारा रूबेन माझ्या पायाशी थुंकला. "जीभ झडो तुझी, ऑलिव्ह." जेबेझ सगळ्यांत शेवटी आला. त्याचे कान लाल झाले होते. "झालं समाधान?"

कडा त्या दिवशी पडला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मॅनेजरनं सांगितलं, आता जो काम सोडून जाईल त्यानं परत येऊ नये. कामाचा भोंगा वाजला, सगळे खाली उतरले.

पुढच्या बुधवारी सकाळी मी पुन्हा माळावर गेले. एका बिळापासून दुसऱ्या बिळापर्यंत भेग गेली होती. हात घातला तर मनगटापर्यंत आत गेला. आतून गार वारा येत होता. मी धावत फाटक गाठलं.

"ससे! भेग पडलीय रे, वर या!"

छिन्न्या थांबल्या. मग खालून एकजण ओरडला, "काकू, आज कोणता धडा?" कुणीतरी हसलं. त्याच्यामागून आणखी कुणी. ते नाव ऐकून खाणीत कुणी हसल्याचं मी जन्मात ऐकलं नव्हतं. रूबेन तेवढा हसला नाही, पण तोही वर आला नाही. छिन्न्या पुन्हा सुरू झाल्या.

जेबेझनं मान वर केली. "घरी जा, आई. हा दगड सुटला की येऊन बघतो तुझी भेग."

दुपारी फळ्यावर शब्द होता 'इमिनंट'. अगदी जवळ येऊन ठेपलेलं, कुठल्याही क्षणी घडेल असं.

"ऑलिव्ह, आज तुम्ही आधी."

"बाई, शब्द वापरला की पक्का होतो, म्हणालात."

"हो तर."

"आमच्याकडे एक आहे, तो वापरला की संपतो. मी दोनदा वापरला."

बाईंना काही कळलं नाही. "छान. आता या शब्दाचं वाक्य लिहा."

मी लिहायला घेतलं. माझ्या मुलाचं घरी येणं इमिनंट आहे. शेवटचं अक्षर काढताना टेबल हललं आणि कपांतला चहा बशांत सांडला. मग खाणीचा भोंगा सुरू झाला. तो थांबेना.

केझायानं माझा हात घट्ट धरला.

हॅलिडेबाईंनी खिडकीकडे पाहिलं. "अरे वा," त्या म्हणाल्या, "आज लवकर सोडलं वाटतं."