लांब बाह्या

ते साल एकोणीसशे एकाहत्तर. ऐन उन्हाळ्यात ती पाच वर्षांच्या धाकटीला घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसली होती. धाकटीच्या अंगात मनगटापर्यंत लांब बाह्यांचा फ्रॉक. शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करून मुरलेल्या हातांनी तिने बाह्यांना दोन-दोन बटणं घट्ट लावली होती. धाकटी चिडली की स्वतःचंच मनगट चावायची.

धाकटी मुळात ताईची. ताईला जुळ्या मुली झाल्या आणि हिला मूल नव्हतं, म्हणून ताईने एक हिच्या ओटीत घातली. “नीट सांभाळ हं, नाहीतर परत नेईन,” असं तेव्हा हसत म्हणाली होती. ते हसणं पाच वर्षं हिच्या उरात सलत होतं.

वेगळ्या घरांत वाढणाऱ्या जुळ्यांचे राग, भीती, हट्ट रक्तातून येतात की घरातून, हे डॉक्टरीणबाईंना बघायचं होतं, म्हणून दोघी बहिणींना बोलावलं होतं. कागदावर प्रश्न होता : मूल स्वतःला इजा करतं का? तिने ‘कधीच नाही’वर खूण केली.

आत आपला कागद देऊन ताई तिच्याकडच्या थोरलीसह बाकापाशी आली. थोरलीच्याही बाह्या लांब!

“एवढ्या उकाड्यात गं?” ताईने धाकटीकडे बघत विचारलं.

“आणि तुझ्या लेकीला काय हुडहुडी भरलीय?”

“जीभ आहे की कात्री!” म्हणत ताईने थोरलीचा हात मुठीत लपवला.

पण हिला बाहीवरची काजं दिसली होती. वाकडीतिकडी, घाईने घातलेली. हिने हळूच थोरलीच्या बाहीचं बटण काढलं. मनगटावर तसेच दातांचे वण, त्याच जागी.

“आमच्या ह्यांच्या आरडाओरड्यानं झालं असं वाटायचं,” ताई पुटपुटली. “म्हटलं, एक तरी सुटली. कागदावर काय लिहिलंस?”

“कधीच नाही. तू?”

“तेच.”

“लबाड!”

“तू मोठी खरं बोलणारी!”

हसता हसता हिने एकदम विचारलं, “परत नेणार नाहीस ना गं?”

“कुठल्या तोंडानं नेऊ?”

हिने पिशवीतली कात्री काढून चारही बाह्या कोपरावर कापल्या आणि आत जाऊन नवे कागद मागितले.

डॉक्टरीणबाईंना काय उत्तर सापडलं, ते कुणी कळवलं नाही. धाकटीचं चावणं दोन वर्षांत सुटलं, थोरलीचं सुटायला सात लागली. थोरली वकील झाली. तिचा राग आता पक्षकारांच्या उपयोगी पडतो. धाकटी बालवाडीत शिकवते. ताई गेल्या वर्षी गेली.

हिला आता दिसत नाही. ट्रंकेतल्या चार बाह्या ती चाचपून ओळखते. वाकड्या काजांवर बोट जरा जास्त वेळ थांबतं.