छत्रीच्या मागचा नंबर

एवेलिओ मास्तरांनी पस्तीस वर्षं परीक्षेच्या वर्गांवर पहारा दिला आणि तेवढ्या काळात त्यांच्या तोंडून मुख्यतः एकच शब्द बाहेर पडला: "गप्प!" निवृत्तीनंतर तोही बंद झाला. घरातलं बोलणं त्यांची बायको ओडालिस बघायची. ती गेल्या वर्षी वारली.

आणि आता मुलगी याइमारा चार वर्षांनी उद्या घरी येणार होती. फोनवर बापलेकीचं "बरी आहेस ना?" "बरी आहे" एवढ्यावर आटपायचं. पण आठ दिवस समोरासमोर बसून बोलायचं काय? ओडालिसच्या किटलीतली कॉफी पुढ्यात असली, तर फुंकर मारण्यात तरी वेळ जाईल, असं मास्तरांनी ठरवलं होतं. नेमकी तीच किटली त्यांनी परवा पाणी न घालता गॅसवर चढवली आणि जाळली.

म्हणून ते सकाळीच रेमेदिओस गावच्या चौकात, भांडी-मिक्सर दुरुस्त करणाऱ्या निवाल्दो मिस्त्रीच्या दुकानापाशी आले. निवाल्दो बाराच्या ठोक्याला दार लावायचा, मग देव आला तरी उघडायचा नाही.

"शेवटचं कोण?" मास्तरांनी रीतसर विचारलं. निळ्या छत्रीखालून एक हात वर झाला. मागून आलेल्या एका धिप्पाड गृहस्थाने हेच विचारलं, तेव्हा मास्तरांनी वर्तमानपत्राआडून बोट वर केलं. झाली रांग. आपल्या पुढचा माणूस लक्षात ठेवला, की सावलीत जाऊन बसायला सगळे मोकळे.

सगळे कट्ट्यावर बसून एकमेकांची ऑपरेशनं, जावई आणि कोंबड्या यांवर तुटून पडले. मास्तर मात्र लांब झाडाखाली वर्तमानपत्र उघडून उभे राहिले. एक डोळा तेवढा छत्रीवर.

साडेअकराला पाहतात तो काय, छत्री चौक ओलांडून निघालेली, आणि तिच्याखाली एक गरोदर मुलगी! मास्तर धावतच कट्ट्यापाशी आले.

"माझा नंबर!"

"तुम्ही कोणाच्या मागे, काका?" मांडीवर मिक्सर घेऊन बसलेल्या एका बाईंनी विचारलं.

"छत्रीच्या."

"छत्री तर घरी गेली! छत्रीखाली कोण होतं?"

मास्तरांनी वळून छत्री गेली त्या दिशेला पाहिलं.

"अहो, बाई होती की बाप्या?"

"हात होता," मास्तर म्हणाले.

अख्खा कट्टा खो खो हसला. धिप्पाड गृहस्थ पुढे आला. "मी एका पेपरवाल्याच्या मागे होतो. तोंड काही दिसलं नाही त्याचं. पेपर दाखवा, मी साक्ष देतो."

पेपर झाडाखालीच राहिला होता आणि चौकात पोरांना फिरवायची गाडी ओढणारी बकरी तो चवीने खात होती.

"आता आणलंय काय ते तरी सांगा," मिक्सरवाल्या बाई म्हणाल्या. "नाहीतर बसा सगळ्यांच्या शेवटी."

शेवटी बसलं की बारा वाजलेच.

"किटली. खाली पाणी उकळलं की वर कॉफी चढते, तसली. पाणी घालायला विसरलो. कॉफी वर येईल म्हणून पंचवीस मिनिटं स्टुलावर वाट बघत बसलो."

"पंचवीस?"

"मग जळका वास आला. मला वाटलं, शेजारणीचं काहीतरी करपलंय. तिला ओशाळल्यासारखं होऊ नये म्हणून मी खिडकी लावून घेतली."

"अगं आई गं! मग?"

"मग शेजारीण पाण्याची बादली घेऊन आत शिरली. किटली राहिली बाजूला, मीच भिजलो!"

लोक पोट धरून हसत होते. मास्तरही हसले आणि हसता हसताच म्हणाले, "किटली बायकोची होती. उद्या मुलगी येतेय. तिच्याशी काय बोलायचं, मला समजत नाही हो."

बाई मिक्सर सावरत उठल्या.

"चला काका, या माझ्या मागे."

"तुमच्या मागे?"

"छत्री माझीच. त्या पोरीला ऊन सोसेना, म्हणून दिली."

"मग मघाशीच का नाही बोललात?"

"तीन तास खांबासारखे उभे होतात. म्हटलं, आवाज आहे की नाही ते तरी कळू दे."

बाराला पाच मिनिटं असताना निवाल्दोने किटली उलटी करून पाहिली आणि मान हलवली. "तळच गेलाय, मास्तर. आता यात फुलं लावा."

दुसऱ्या दिवशी दाराची कडी वाजली. मास्तरांनी दार उघडलं, ते हातात काळी ठिक्कर किटली घेऊनच. याइमारा काही बोलायच्या आत ते म्हणाले, "तुझ्या आईची किटली मी जाळली."

तिने किटलीकडे पाहिलं, मग बापाकडे. "कशी?"

"मी स्टुलावर बसलो होतो. पंचवीस मिनिटं. तेवढ्यात वास आला..."

याइमाराने बॅग उंबरठ्यातच टेकवली आणि तिच्यावर बसली.

"थांब बाबा," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांग."